सहा पानांचं मरण

१

दुपारी लाँड्रीतून सुटली की धाकटी घरी यायची, हातपाय धुवायची, उभ्याउभ्या चार घास पोटात ढकलायची आणि मग थोरलीच्या खाटेशी स्टूल ओढून राजाराण्यांना शिव्या द्यायला बसायची. याला दोघी बहिणी वाचन म्हणत.

धाकटी म्हणजे पन्नाशी उलटलेली बाई. पण वर थोरली असली की माणूस जन्मभर धाकटंच राहतं. गल्लीत तिला तोफ म्हणत, तेही तिच्या माघारी. थोरली तीन वर्षांपूर्वी न्हाणीत घसरून पडली, कंबर गेली, आणि खाटेला खिळली ती खिळलीच. थोरलीने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. लोकांची भांडी घासून तिने धाकटीला चौथीपर्यंत शाळेत टिकवलं, पुढे बापाने ऐकलं नाही. चौथीपर्यंतचं वाचन मात्र धाकटीच्या अंगात मुरलं. ओळीखाली बोट धरून, जोडाक्षर आलं की त्याच्याशी झोंबाझोंबी करून, पण खणखणीत, रस्त्यावर ऐकू जाईल असं ती वाचायची.

थोरलीला ऐतिहासिक कादंबरीच लागे. "आपल्यासारख्यांच्या गोष्टी नकोत," ती म्हणायची. "भांडी आणि भांडणं जन्मभर ऐकली. राजवाड्यातलं वाच."

मग धाकटी राजवाड्यातलं वाचायची, आणि दर पाच ओळींनी तिचं डोकं फिरायचं.

"'तीन दिवसांच्या दौडीनंतरही तिचं शुभ्र उत्तरीय वाऱ्यावर लहरत होतं.' लहरतंय! अगं, घामाने पुठ्ठा झाला असेल त्याचा. धुतलं कोणी? सांगितलं का याने?"

"तू पुढे वाच गं."

"'तिच्या विशाल नेत्रांतून मोत्यांसम अश्रू ओघळू लागले.' रडली."

"एवढंच लिहिलंय?"

"एवढंच. मोती लेखकाचे."

थोरली हसायची. हसताना कंबरेतून कळ यायची, तरी हसायची. मग म्हणायची, "हं, पुढे?" तिचे ते शब्द ठरलेले.

धाकटीचं म्हणणं असं, की ही पुस्तकं लिहिणारे एकजात लबाड. घोड्याला नाव, तलवारीला नाव, आणि एवढ्या मोठ्या वाड्यातल्या चादरी कोण धूत होतं त्याचा पत्ता नाही. पाठीमागे लेखकाचा फोटो, आणि प्रत्येकाचा हात हनुवटीखाली, जसं काही काढला तर डोकं गडगडत जाईल. पण तिचा खरा राग होता तो मरणावर. बाई जिवंत आहे तोवर तिला अर्धं पान. सासरी आली, दोन पोरं झाली, नवरा मोहिमेवर गेला, संपलं. आणि तीच बाई मरायला टेकली की लेखकाच्या हाताला खाज सुटायची. सहा पानं! चांदणं काय, वारा काय, लांब कुठेतरी कोणी बासरी वाजवतंय काय. मरताना प्रत्येकीचे केस मोकळे.

"जिवंतपणी हिला जेवलीस का म्हणून विचारलं नाहीस रे मेल्या," धाकटी त्या फोटोला म्हणायची, "आणि आता हिचे ओठ कसे थरथरले ते सांगतोस?"

थोरली पडली त्याच वर्षी एका राणीचं मरण धाकटीने पुरं वाचून दाखवलं होतं. थोरलीने भिंतीकडे तोंड केलं ते दोन दिवस वळवलं नाही, अन्नाला शिवली नाही. तेव्हा धाकटीने नियम केला. मरण जवळ आलं की वाक्य कुठेही असो, पुस्तक फटकन मिटायचं आणि पुढचं पदरचं सांगायचं. तिच्या पदरचा शेवट एकच होता.

"मग ती उठली, तोंड धुतलं आणि जेवायला बसली."

तीन वर्षांत कितीतरी राण्या अशा जेवायला बसल्या.

२

वाचनालय रस्त्यापलीकडे, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. ते सांभाळणाऱ्या गृहस्थांना धाकटी कपाटवाले म्हणायची. माणूस तसा गरीब, पण पुस्तकांच्या बाबतीत चिवट.

"बाई, तीन पुस्तकं तुमच्याकडे अडकलीत. उन्हाळ्यापासून."

"अडकली नाहीत, राहिलीत. बहीण परत परत ऐकते."

"दुसऱ्यांनाही वाचायची असतात."

"दुसरे कोण? त्या कपाटाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. धूळ बघा तिथली."

"धुळीचं सोडा, ओल बघा. त्या ऐतिहासिकच्याच कपाटाखाली पाणी येतंय. नळवाला येऊन गेला. म्हणतो, या बाजूने पाईपच नाही."

"बायकांना इतकं रडवलंय तुमच्या लेखकांनी, पाणी येणारच."

कपाटवाल्यांना हसू आलं नाही. "इतिहास आहे बाई तो. मेल्या त्या मेल्या. लेखक काय करणार?"

"गेली म्हणावं आणि गप्प बसावं. मरण म्हणजे काय पंगत आहे, वाढतच सुटायचं?"

ती तीन पुस्तकं थोरलीच्या उशाशी होती. पहिल्यात एक कोवळी राणी आहे, सोळा वर्षांची. ती तळ्याच्या पायऱ्या उतरते, डावं पाऊल पाण्यात टाकते, उजवं उचलते. तिथे धाकटीने पुस्तक मिटलं होतं. दुसऱ्यातली विषाची वाटी ओठांशी नेते, बांगडी वाटीवर किणकिणते. तिथे मिटलं. तिसऱ्यातली बाळंतपणात अडते, ओरडण्यासाठी श्वास आत ओढते. मिटलं. तिघी जेवायला बसल्या. थोरलीचा त्यांच्यावर जीव होता. "माझ्या तिघी," ती म्हणायची. त्या तिघींना परत द्यायची गोष्ट काढली की तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

३

ते पाऊल पहिल्यांदा दिसलं तेव्हा धाकटीला भीती नाही, राग आला. फरशी पुसून ती वळते तो उंबऱ्याच्या आत एक ओलं पाऊल. लहानसं, डावं, बोटं घराच्या आत वळलेली. एकच. लाँड्रीत उभा जन्म गेलेल्या बाईला पाणी कळतं. हे पुसण्याचं पाणी नव्हतं. त्याला शेवाळाचा वास होता.

ती तडक जिना चढली. वरच्या मजल्यावर एक सून राहत होती, तिला सगळे वरची म्हणत.

"काय गं, पाय भिजवून माझ्या घरात कशाला शिरतेस?"

"मी? मी सकाळपासून खाली उतरलेच नाही, काकू."

"मग पाऊल कोणाचं?"

वरची खाली आली, पदर खोचून वाकली, बघितलं. "माझं नाही. माझा पंजा केवढा बघा. आणि काकू, ओल्या पायाने कोणी आलं तर दोन उमटतील ना? दुसरा पाय काय त्याने खांद्यावर टाकला होता?"

"जास्त बोलू नकोस."

पण गोष्ट खरी होती. धाकटीने ठरवून टाकलं, गल्लीत पोरी लंगडी खेळतात, त्यातली एखादी शिरली असणार. तिने दाराला कडी घालायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पाऊल तिथेच होतं, कडीच्या आत. पोरगी भिंतीतून शिरली म्हणायची. मग तिने फरशीला दोष दिला. फरशी पाझरत असेल. पाझरो, पण पाच बोटांनी?

मग आवाज. खाटेची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा होता, लाँड्रीत फाटून बाद झालेल्या चादरीचा, जमिनीपासून वीतभर वर आलेला. दुपारी वाचताना त्या पडद्यामागून काहीतरी किणकिणायचं. धाकटी उठून बघायची. भांडी पालथी, जागच्या जागी. उंदीर, ती म्हणायची. आणि उंदरालाही शिवी द्यायची.

पण एका आवाजाला कोणतंच नाव बसेना. कोणीतरी श्वास आत घ्यायचं. मोठा, तोंड उघडून, आता ओरडणार असा. आणि मग काही नाही.

"तू ऐकलंस?" धाकटीने विचारलं.

"काय?"

"कोणीतरी श्वास घेतला."

"घेऊ दे की. आता लोकांच्या श्वासावरही खेकसणार का तू?"

"घेतला," धाकटी म्हणाली, "पण सोडला नाही."

ती स्टुलावर ताठ बसून राहिली, तो श्वास सुटायची वाट बघत. ऊन खिडकीतून खाटेच्या पायाशी आलं, भिंतीवर चढलं, गेलं. तो काही सुटला नाही.

४

त्यानंतर थोरलीची सर्दी छातीत उतरली. रात्रंदिवस घरघर. तिसऱ्या सकाळी धाकटी लाँड्रीत गेली नाही, गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना हाताला धरून घेऊन आली.

डॉक्टरांनी नळी लावली. बराच वेळ लावली. मनगट धरलं, पापणी वर केली, आणि मग नळीची घडी घालून बॅगेत ठेवली. धाकटी त्यांचे हात बघत होती. औषध लिहायचं असलं की डॉक्टर आधी पेन काढतात. यांनी बॅग बंद केली.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही जरा टेका बघू."

"मी कशाला टेकू? आजारी ती आहे."

"बाई, ऐकून घ्या. त्या आता..."

त्यांचा आवाज बदलला होता. जड, हळुवार, मखमली. धाकटीला तो आवाज ओळखीचा होता. चांदणं पडायला लागलं की पुस्तकातल्या वाक्यांना येतो, तो. पहिल्या पानाला सुरुवात झाली होती, आणि अजून पाच बाकी होती.

पुस्तकाचं जे करायची तेच तिने केलं. बॅग उचलून त्यांच्या छातीवर दिली, त्यांना पाठीत हात लावून उंबऱ्याबाहेर काढलं आणि दार आपटलं. फटकन.

मग ती दाराला पाठ लावून उभी राहिली. खाटेकडे तिने बघितलं नाही. घरघर बंद झाली होती. खोलीत एवढी शांतता होती की वरचीच्या नळाची धार ऐकू येत होती.

"मग ती उठली," धाकटी मोठ्याने म्हणाली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते, रागाने. "तोंड धुतलं. आणि जेवायला बसली."

वरचा नळ बंद झाला.

"धाकटे," खाटेवरून थोरली म्हणाली, "आज काय वाचायचं?"

५

थोरली बरी झाली. खोकला गेला, ताप गेला, कंबरेची कळसुद्धा गेली. धाकटीने लाँड्रीत सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरला हाकललं आणि बहीण बरी झाली, उगाच घाबरवून पोट भरतात मेले. इस्त्रीवाल्या बायका हसल्या. धाकटी त्या आठवड्यात चादरी अशा झटकायची की पलीकडची बाई म्हणाली, अगं, फाडशील.

जेवण मात्र थोरलीला नको असे. "नंतर," म्हणायची. ताटली तशीच परत जायची. हातपाय गार लागायचे. धाकटीने मोजे चढवले, दोन पांघरुणं घातली, खिडकी लावून घेतली. कूस बदलायला गेलं की थोरलीचं अंग एकसंध वळायचं, फळी वळावी तसं. पण बोलायची. हसायची. "हं, पुढे?" म्हणायची. तेवढ्यावर धाकटीचं भागत होतं, आणि बाकीचं ती मोजतच नव्हती.

डॉक्टर रस्त्यात दिसले. त्यांनी फुटपाथ बदलला. धाकटीनेही बदलला.

"डॉक्टर! तोंड चुकवून कुठे निघालात? बहीण बरी आहे माझी. पोपटासारखी बोलते."

डॉक्टर थांबले. "तुम्ही कोणालाच कळवलं नाहीत?"

"काय कळवायचं?"

"मी दुसऱ्या दिवशी आलो होतो, बाई. तुमच्या दारापर्यंत. म्हटलं, एकट्या आहात, रागात आहात, कोणीतरी..." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आतून तुम्ही वाचत होतात. आणि हसत होतात. दोघींचं हसणं ऐकलं मी. तसाच मागे फिरलो. चाळीस वर्षं नाडी बघतोय. म्हटलं, हात म्हातारा झाला आपला."

"झालाच आहे."

"मग चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "मी पुन्हा येत नाही. तुम्ही एवढंच बघा. श्वास घेतात का त्या?"

"घेते की. न घेता बोलते होय?"

"सोडतात का?"

धाकटीने त्यांना भर रस्त्यात जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरी येईपर्यंत तिची चाल मंद झाली होती.

चादर हा तिचा धंदा. चादर झटकली की हवेने फुगते आणि मग बसते. फुगलेली चादर बसणार नाही असं कधी होत नाही. ती खाटेशी उभी राहिली आणि तिने थोरलीच्या छातीवरच्या पांघरुणाकडे बघितलं. पांघरूण वर आलेलं होतं.

ती बघत राहिली. भाजीवाला हाका घालत आला, गेला. शाळा सुटली, पोरं आली, गेली.

पांघरूण वरच होतं.

"काय बघतेस?" थोरली म्हणाली. तिचे ओठ हलले. बाकी काही हललं नाही.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "पांघरूण धुवायला झालंय."

६

त्या दिवशी तिने वाचायला घेतलं ते थोरलीनेच मागितलेलं, तळ्याचं. बोट ओळीखाली होतं, पण डोळे सारखे वर उठत होते. शेवाळाचा वास खोलीभर होता. खिडकी उघडावी असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

"तू वाचायला लागलीस की त्या पुढे सरकतात," थोरली म्हणाली.

"कोण त्या?"

"माझ्या तिघी. तू पायऱ्यांपाशी आलीस की ती कोवळी राणी पुढे येते. वाटतं तिला, या वेळी तरी वाचशील. मग तू मिटतेस."

"मी मिटते म्हणून त्या जगतात. तुझ्या लेखकांच्या हाती दिल्या असत्या तर..."

"जगतात कुठे गं?"

"मग? जेवायला बसवते मी त्यांना!"

"हात तोंडाशी जाईना त्यांचा," थोरली म्हणाली. "बघ की. मागे बघ."

धाकटीला बघायचं नव्हतं. तिने बघितलं ते रागाने, कोण आहे ते एकदा कळूच दे अशा हिशेबाने. पडद्याला एका जागी कोपराएवढा फुगवटा आला होता. कोणीतरी हात उचलून धरावा आणि तो खाली घेऊ नये तसा. फुगवटा थरथरत होता आणि त्याच्या थरथरीबरोबर काहीतरी बारीक किणकिणत होतं. आणि पडद्याखालच्या वीतभर फटीत एक पाऊल होतं. डावं, ओलं, लहान, फरशीवर टेकलेलं. उजवं त्याच्या पुढे, हवेत. बोटं ताणलेली, टाकायच्या बेतात. पोटरीपर्यंत सगळा पाय लटपटत होता. उन्हाळ्यापासून एका पायावर उभं ठेवलेल्या पोरीचा लटपटेल, तसा.

धाकटी पुन्हा वळली. तिला पाहिलेलं बाहेर टाकता येईना आणि आत ठेवता येईना.

"मी त्यांना वाचवलं," ती म्हणाली.

"माहितेय मला."

"त्या नालायकांनी सहा सहा पानं चाटून चाटून मारल्या असत्या त्यांना."

"माहितेय गं. आणि मी ऐकलं. मला गोड लागलं. धाकटे, मलाही सोडायचाय."

"काय सोडायचंय?"

"श्वास. घेतलाय त्या दिवशी, तू दार आपटलंस तेव्हा. छातीत दगड ठेवल्यासारखा बसलाय. सोडता येत नाही."

धाकटी ताडकन उठली. स्टूल उलटलं. "वा गं वा! तीन वर्षं तुझं हगणंमुतणं काढलं ते यासाठी? मी पहाटे उठून वाफेत भाजून घेते ते यासाठी? तुलाही हवीत का सहा पानं? बासरी आणू? केस मोकळे सोडू तुझे?"

"मी कुठली राणी आहे?" थोरली म्हणाली. "मला दोन शब्द पुरेत."

"तू मला तुला मारायला सांगतेस."

"वाचायला सांगते. चौथीपर्यंत कशाला शिकवली तुला?"

७

आधी तिने तिघींना घेतलं. स्टूल सरळ केलं, पडद्याकडे पाठ केली, पहिलं पुस्तक मांडीवर उघडलं आणि मिटलेल्या वाक्यावर बोट ठेवलं. पुढची पानं नवी करकरीत होती, कोणाच्या हाताचा डाग नसलेली.

तिने सगळं वाचलं. चांदणं वाचलं, वारा वाचला, थंड पाण्याचा कमरेला झालेला स्पर्श वाचला. मधेमधे लेखकाच्या सात पिढ्या काढल्या, पण ओळ एक सोडली नाही. "'आणि तळ्यावर पुन्हा शांतता पसरली,'" तिने वाचलं. पडद्यामागे फरशीवर पाऊल टेकल्याचा आवाज आला. चपळ, ओला. मग आणखी एक. ते तिच्या स्टुलाला वळसा घालून गेले. तिने मान वर केली तेव्हा उंबऱ्यात दोन पावलं होती, डावं आणि उजवं, बोटं बाहेरच्या बाजूला.

दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी स्वयंपाकघरात वाटी पडली आणि बराच वेळ गोल फिरत राहिली. घरात त्या आवाजाची वाटी नव्हती. थोरलीने अर्धं आयुष्य भांडी घासलेली, ती म्हणाली, "चांदीची."

तिसऱ्या पुस्तकात धाकटीचा आवाज फाटला. त्या लेखकाने बाळंतिणीच्या वेदनेला पहाटेची, कमळाची आणि युद्धाची उपमा दिली होती. "तू बाळंत हो म्हणजे कळेल!" ती फोटोवर ओरडली, आणि पुढचं वाक्य वाचलं. तेव्हा पडद्यामागून ती किंकाळी आली. उन्हाळ्यापासून अडलेली, अख्खी, एका दमात. खिडकीची काच थरथरली. जिन्यावरून वरची धावत आली आणि दारावर थापा मारायला लागली.

"काकू! काकू, कोण ओरडलं? काय झालं?"

पडदा सरळ लोंबत होता. चादर होती ती नुसती.

धाकटी खाटेकडे वळली. मांडीवर आता पुस्तक नव्हतं. इथे वाचायला छापलेलं काही नव्हतं, फक्त त्या म्हाताऱ्याने अर्धवट टाकलेलं एक वाक्य होतं. बाई, ऐकून घ्या. त्या आता. तिने बोट पुढे केलं, सवयीने, आणि ते थोरलीच्या पांघरुणाच्या काठावर ठेवलं, ओळीखाली ठेवावं तसं.

"हं," थोरली म्हणाली. "पुढे?"

ते तोंड धाकटीने नीट बघून घेतलं. त्यावर अश्रू नव्हते, मोती नव्हते. कपाळावर एक केस चिकटला होता, तो तिने बाजूला केला. इतका राग तिला जन्मात आला नव्हता. त्या रागाला कोणाच्या फोटोकडे वळवावं ते तिला कळेना.

"अक्का गेली," ती म्हणाली.

पांघरूण हळूच खाली बसलं.

८

सगळं आटोपल्यावर, लोक यायचे थांबल्यावर, ती पुस्तकं परत करायला वाचनालयात गेली. कपाटवाले फडकं घेऊन ऐतिहासिकच्या कपाटापुढे गुडघ्यांवर बसले होते.

"कळलं मला," ते उठत म्हणाले. "वाईट झालं. फार वाचनाची आवड त्यांना."

"ऐकण्याची. वाचायची मी." तिने तिन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. "घ्या. पूर्ण वाचून झालीत."

"कशी वाटली?"

"बाई जिवंत असताना अर्धं पान आणि मरताना सहा. कशी वाटणार?"

कपाटवाल्यांनी मान हलवली. फडकं बादलीत पिळलं. "हे बघा ना. आत्ता पुसलं, परत ओल. नळवाला आता यायलाच तयार नाही."

धाकटीने खाली बघितलं. तिने पाणी लगेच ओळखलं. काही ठिकाणी ते नुसतं साचलं होतं, पण जिथे फडकं अजून फिरलं नव्हतं तिथे त्याला आकार होता. पाच बोटं, टाच. एक, त्याच्या शेजारी दुसरं, मागे आणखी. सगळी डावी नव्हती. काही कोरडीही होती, धुळीत उमटलेली, कपाटाकडून तिच्याकडे वळलेली. तीन वर्षं. दर महिन्याला कितीतरी राण्या. तिला त्यांची नावंसुद्धा आठवत नव्हती. एकीला बुरुजावरून ढकलत होते, एवढं आठवलं. एक भिंतीत होती, शेवटची वीट तेवढी बसायची होती.

कपाटाच्या काचेआड कोणीतरी श्वास आत घेतला. मग दुसऱ्या खणात. मग सगळ्या खणांत, वरपासून खालपर्यंत, एकीने घेतला की दुसरीला घ्यावासा वाटावा तसा.

"वारा येतो या कपाटात," कपाटवाले म्हणाले.

"मारलंत तुम्ही, अडकवलं मी," धाकटी कपाटाकडे बघत म्हणाली, "आणि निस्तरायचंही मीच." आतल्या फोटोंना ती बोलत होती. त्यांचे हात हनुवटीखालीच होते.

"काय म्हणालात?"

"किल्ली द्या."

"कोणतं नेणार आज?"

"नेणार नाही. इथे बसून वाचणार. शेवट तेवढे." तिने खिडकीजवळची खुर्ची फरफटत आणली आणि कपाटापुढे, ओलीतच, ठेवली.

"बाई, इथे मोठ्याने वाचायला मनाई आहे."

"मग तुम्ही बाहेर जाऊन उभे राहा."

कपाटवाल्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि किल्ली दिली. तिने दार उघडलं, डावीकडचं पहिलं पुस्तक काढलं, शेवटाकडून पानं उलटत आणली आणि बसली. खुर्चीची पाठ भिंतीला नव्हती. मागे मोकळी जागा होती, दारापर्यंत.

तिने ओळीखाली बोट ठेवलं.

"हं," मान न वळवता ती म्हणाली. "पहिली कोण?"

मागे अनवाणी पायांची सरकासरक झाली, रांग लागताना होते तशी.